कुरकुरणारे शटर : वंगणाचा एक धडा

शहरात राहणाऱ्या मुलामुलींस लोखंडी शटरची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही. सकाळी पेठेतील दुकाने उघडू लागली म्हणजे त्यांचा खडखडाट आळीभर ऐकू येतो, आणि रात्री तोच खडखडाट दिवसाचा व्यवहार संपल्याची वर्दी देतो. पूर्वी ही शटरे हातानेच वर ढकलावी लागत. आता मोठ्या दुकानांस व बंगल्यांच्या मोटारखान्यांस विजेच्या मोटरीवर चालणारी शटरे पुष्कळ ठिकाणी बसविलेली दिसतात. बटण दाबले की शटर वर जाऊन गुंडाळले जाते. पुन्हा दाबले की खाली उतरते. ही सोय मोठी खरी. परंतु वर्ष-दोन वर्षे लोटली म्हणजे एक तक्रार घरोघर ऐकू येऊ लागते, ती ही की, शटर फार आवाज करते. पहाटे कामावर निघालेल्या गृहस्थाने बटण दाबताच वरच्या मजल्यावरील तान्हे मूल दचकून उठते, शेजारचा आजारी मनुष्य कूस बदलतो, आणि मग कोणीतरी म्हणते, "थोडे तेल सोडा, म्हणजे गप्प बसेल." तेल सोडतात. चार दिवस शटर गप्प बसते, आणि पुढे पूर्वीपेक्षाही मोठ्याने ओरडू लागते.

असे का व्हावे? तेल तर वंगण आहे. मग त्याने गुण का येऊ नये? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील घर्षणाचे संपूर्ण प्रकरण आपल्या दारातच उघडलेले सापडते. या लेखात आम्ही एकच गोष्ट आमच्या वाचकांच्या मनावर ठसवू इच्छितो. आवाज हा रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण होय. ज्याप्रमाणे शहाणा वैद्य ताप पाहून लगेच पुडी देत नाही, आधी नाडी पाहतो, त्याप्रमाणे शटरचा आवाज आधी ऐकावा, त्याचे कारण शोधावे, आणि मगच तेलाच्या बुधलीस हात घालावा. काही आवाज तर असे आहेत की, ते ऐकताच तेल न घालता मागे सरणे हेच शहाणपणाचे ठरते.

१. शटरची रचना

कोणत्याही यंत्राची निगा राखावयाची तर आधी त्याची अंगे ठाऊक असावी लागतात. शटर हे एकाच पत्र्याचे नसते. ते अनेक आडव्या पट्ट्यांचे बनलेले असते. प्रत्येक पट्टीची कड वळवून ती खालच्या पट्टीच्या कडेत अडकविलेली असते. यामुळे प्रत्येक सांधा बिजागरीसारखा वळतो, व चटई गुंडाळावी तसे शटर गुंडाळता येते. पट्ट्यांची दोन्ही टोके भिंतीलगतच्या उभ्या खाचांतून सरकतात. या खाचेस कारागीर गाइड म्हणतात. दाराच्या माथ्यावर एक आडवा लोखंडी पाइप असतो. त्याची टोके भिंतीत बोल्टांनी घट्ट बसविलेल्या आधारांवर बेअरिंगांत फिरतात. शटर याच पाइपवर गुंडाळले जाते. पुष्कळ शटरांत या पाइपवर जोरकस स्प्रिंगा बसविलेल्या असतात, व त्या शटरचे बरेचसे वजन तोलून धरतात. मोटर पाइपच्या मध्यावर, एका बाजूस साखळी जोडून, किंवा पाइपच्या पोटातच बसविलेली असते. शटर कोठे थांबावे हे मोटरीस सांगणारा एक छोटा स्विच असतो. त्यास लिमिट स्विच म्हणतात.

या शटरचे वजन किती असेल याचा अंदाज विद्यार्थ्यांनी गणिताने करून पाहावा. दार ३ मीटर रुंद व अडीच मीटर उंच आहे असे धरू. म्हणजे क्षेत्रफळ ७.५ चौरस मीटर झाले. पत्रा ०.९ मिलिमीटर जाडीचा, आणि पोलादाची घनता दर घनमीटरला ७,८५० किलोग्राम. गुणाकार केला असता नुसत्या सपाट पत्र्याचेच वजन सुमारे ५३ किलो भरते. पट्ट्यांच्या वळविलेल्या कडा व तळाची जाड पट्टी जमेस धरल्यास ते याहून बरेच वाढते. म्हणजे बटणाच्या एका दाबाने एका धडधाकट माणसाएवढे ओझे आपल्या डोक्यावर चढविले जाते. ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानी ठेवावी.

२. आवाज का होतो?

एक वस्तू दुसरीवर घासली की गतीस अडथळा होतो. त्यास घर्षण म्हणतात. इटालियन चित्रकार लिओनार्दो दा विंची याने आपल्या टिपणवह्यांत घर्षणासंबंधी निरीक्षणे नोंदवून ठेविली होती. परंतु ती जगापुढे आली नाहीत. पुढे १६९९ साली आमोंताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने तेच नियम पॅरिसच्या विज्ञान-परिषदेपुढे मांडले. त्यांपैकी पहिला नियम असा की, दोन पृष्ठभाग एकमेकांवर जितक्या जोराने दाबले जातात तितक्या प्रमाणात घर्षण वाढते. खाच वाकडी झाली, भिंतीकडील आधार किंचित कलला, की शटर एका अंगास दाबू लागते. तेथील दाब वाढतो, आणि घर्षणही वाढते. अशा वेळी तेलाची संपूर्ण बुधली रिकामी केली तरी मूळ कारण तसेच राहते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होतो.

पण घर्षणाने आवाज का व्हावा? सारंगी वाजविणारा आपल्या गजास राळ लावतो, हे पुष्कळांनी पाहिले असेल. राळेमुळे गजाचे केस तारेस क्षणभर चिकटतात व तिला ओढून नेतात. ताण पुरेसा वाढला की तार सुटून मागे येते. पुन्हा चिकटते, पुन्हा सुटते. हे एका सेकंदात शेकडो वेळा घडते, आणि तार बोलू लागते. कोरडी, गंजलेली पट्टी खाचेतून सरकते तेव्हा नेमके हेच घडते. ती अडते व सुटते, अडते व सुटते. सारंगीतून सूर निघतो, शटरमधून किंकाळी निघते. कारण मात्र दोहोंचे एकच. शिवाय सतारीचा भोपळा जसा तारेचा क्षीण नाद मोठा करतो, तसे शटरचे रुंद पत्रे व ज्या भिंतीस ते जखडलेले असते ती भिंत हा आवाज मोठा करून घरभर पोहोचवितात.

या वाढलेल्या घर्षणाचा भार अखेर मोटरीवर पडतो. ती अधिक विद्युत्प्रवाह ओढू लागते. तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हा ज्यूलचा नियम वरच्या वर्गांतील विद्यार्थी शिकलेच आहेत. प्रवाह दीडपट झाला तर उष्णता सव्वादोन पट होते. पाइपच्या पोटात बसविलेल्या मोटरी तर एका दमात थोडी मिनिटेच चालण्यासाठी बनविलेल्या असतात. फार तापल्या की त्यांतील रक्षक स्विच प्रवाह तोडतो व शटर मध्येच अडकून राहते. तात्पर्य, आजची कुरकुर ही उद्याच्या खर्चाची सूचना असते.

३. आवाजांची ओळख

शटर चालू असताना दूर, बाजूस उभे राहून ते एकदा वर व एकदा खाली जाताना लक्षपूर्वक ऐकावे. दुसऱ्या कोणी बटण दाबावे म्हणजे ऐकणाऱ्याचे चित्त विचलित होत नाही. आवाज माथ्यावरून येतो की बाजूने, सतत येतो की ठराविक जागी, हे कागदावर टिपून ठेवावे. मुख्य आवाज पाच प्रकारचे आढळतात.

पहिला, चिरका आवाज किंवा किरकिर. हा बहुधा कोरड्या सांध्यांचा व खाचांचा असतो. सफाई व वंगण यांनी जाणारा आवाज प्रायः हाच.

दुसरा, खडखड. एखादा बोल्ट ढिला झाला, पट्टीच्या टोकाची टोपी निसटली व पट्टी आडवी सरकू लागली, किंवा माथ्यावरील पत्र्याचे झाकण सैल झाले, म्हणजे हा येतो. याला तेल नव्हे, पाना लागतो.

तिसरा, घरघर, म्हणजे जात्यात खडे दळावेत तसा आवाज. हा माथ्यावरून आला तर बेअरिंग किंवा मोटरीचे दाते झिजल्याची ती खूण समजावी. येथे कारागिराचेच काम आहे.

चौथा, नुसती गुणगुण. मोटर घुमते पण शटर हलत नाही. शटर कोठेतरी अडकले असेल, ब्रेक सुटत नसेल, किंवा मोटरीस पहिला झटका देणारा कपॅसिटर क्षीण झाला असेल. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबीत बसू नये. प्रवाह ताबडतोब बंद करावा, नाही तर मोटर जळते. कपॅसिटरमध्ये प्रवाह बंद केल्यावरही विजेचा साठा राहू शकतो, म्हणून तेथे आपण बोट घालू नये.

पाचवा, धाडकन होणारा आवाज. शटर जमिनीवर दर वेळी आपटत असेल तर लिमिट स्विच जागचा हलला आहे असे समजावे. परंतु एकदाच मोठा स्फोटासारखा आवाज होऊन शटर एकाएकी जड झाले, तर बहुधा स्प्रिंग तुटलेली असते. अशा शटरखालून कोणी जाऊ नये व ते कोणी चालवूही नये.

४. आधी सफाई, मग वंगण

वाळूतील गारगोटीचा कण डोळ्यांस क्षुद्र दिसतो. परंतु मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली ठरविलेल्या काठिण्याच्या मापावर गारगोटीचा अंक ७ आहे, आणि साध्या पोलादाचा सुमारे ४ ते ५. म्हणजे रस्त्यावरील धुळीतला हा कण पोलादास ओरखडे काढू शकतो. कोरड्या खाचेत पडलेली धूळ पुष्कळशी झडून खाली पडते. तेल लावलेल्या खाचेत मात्र ती चिकटून बसते, आणि तेल व वाळू मिळून एक प्रकारचा लेप तयार होतो. लोहार धार लावण्यासाठी मुद्दाम असाच लेप वापरतो! चार दिवसांच्या शांततेनंतर शटर अधिक ओरडू लागते त्याचे इंगित हे आहे. तेल संपले म्हणून ते ओरडत नाही; तेलाने धूळ धरून ठेविली म्हणून ओरडते.

ज्यांस याची खात्री करून घ्यावयाची असेल त्यांनी एक सोपा प्रयोग करावा. टाकून देण्याजोगे पत्र्याचे दोन गुळगुळीत तुकडे घ्यावेत. त्यांच्या कडा बोथट करून घ्याव्यात. ते आधी कोरडेच एकमेकांवर घासावेत, मग मध्ये दोन थेंब स्वच्छ तेल घालून घासावेत, आणि शेवटी त्याच तेलात चिमूटभर बारीक वाळू टाकून घासावेत. हाताला जाणवणारा फरक व पत्र्यावर उठलेले ओरखडे पाहिले म्हणजे हा लेख वाचण्याचे कारणच उरणार नाही.

म्हणून पहिले काम सफाईचे. शटर पूर्ण खाली आणावे, मुख्य स्विच किंवा एम. सी. बी. बंद करावा, आणि रिमोट घरातील एका जाणत्या माणसाच्या खिशात असावा. नंतर कोरड्या ब्रशाने दोन्ही खाचा वरून खालपर्यंत झाडाव्यात; त्यातील कोळिष्टके, वाळलेली पाने, सिमेंटचे कण काढून टाकावेत. जुने चिकट तेल असल्यास फडक्यावर साबणाचे थोडे पाणी घेऊन ते पुसावे व खाच पूर्ण कोरडी करावी. पट्ट्याही ओल्या फडक्याने पुसून कोरड्या कराव्यात. गंज काढण्याच्या भरात संपूर्ण शटर खरखरीत कागदाने घासू नये. लोखंडावर जस्ताचा जो थर दिलेला असतो तो स्वतः झिजून आतील लोखंडाचे रक्षण करतो; तो थर खरवडून काढणे म्हणजे पहारेकऱ्यासच हाकलून देणे होय. जेथे गंज दिसतो तेवढीच जागा घासून तीस गंजरोधक रंग द्यावा. ज्या खाचांत केसांच्या ब्रशाची किंवा रबराची पट्टी बसविलेली असते, तेथे ती फाटली वा दबली आहे काय तेही पाहावे. कारण ती पट्टी आवाज शोषून घेण्यासाठीच असते.

माथ्यावरील बॉक्समध्ये चिमण्यांची घरटी, पाली व गांधीलमाश्यांची पोळी सापडणे आपल्याकडे नवल नव्हे. खालून गवताच्या काड्या लोंबताना दिसल्या किंवा गांधीलमाशा येजा करताना दिसल्या, तर बॉक्स आपण उघडू नये. कारागिरास आधी सूचना द्यावी.

५. कोणते वंगण, कोठे व किती?

घरात जे तेल हाताशी असेल ते शटरला लावण्याची पुष्कळांस सवय असते. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते. पुण्यानाशिकच्या हिवाळ्यात बाटलीतील खोबरेल ज्यांनी उन्हात ठेवून पातळ केले आहे त्यांस हे सांगावयास नको. मग थंडीच्या सकाळी शटरात ते पातळ कसे राहील? जवस व करडई यांची तेले हवेतील प्राणवायू शोषून चिकट होतात व हळूहळू वाळतात. याच गुणामुळे जवसाचे तेल रंगकामात वापरतात. रंगास जो गुण, तोच वंगणास दोष. मोटारीतून काढलेले जुने काळे ऑइल तर मुळीच लावू नये, कारण त्यात धातूचा कीस व काजळी असते. रॉकेल हे वंगणच नव्हे; ते असलेले ग्रीसही धुऊन नेते, आणि पेट घेते ते निराळेच.

डब्ल्यू-डी ४० नावाचा फवारा पुष्कळ घरी असतो. तो १९५३ साली अमेरिकेत तयार झाला. नावातील पहिली दोन अक्षरे पाणी हटविण्याच्या गुणाची द्योतक असून ४० हा आकडा चाळिसावे मिश्रण साधल्याचा निदर्शक आहे. ओल काढणे, गंज रोखणे, अडलेला बोल्ट सोडविणे, यांस तो उत्तम. परंतु त्याचा मागे राहणारा थर फार पातळ असल्यामुळे एवढ्या मोठ्या शटरला दीर्घकाळचे वंगण म्हणून तो पुरेसा पडत नाही.

मग काय लावावे? येथे एक शास्त्रीय भेद समजून घेतला पाहिजे. १८८३ साली इंग्लंडात बीचम टॉवर हा अभियंता आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यास एक भोक पाडले. तो आस फिरू लागताच त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागले. त्याने बूच मारले, तर तेलाने बूचच बाहेर ढकलले. फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढून नेतो व त्याच्या दाबावर स्वतःच तरंगतो, हे त्यावरून उघडकीस आले. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स याने याचे गणित मांडले. म्हणजे जेथे काहीतरी सतत व वेगाने फिरते तेथे तेलाची अशी उशी तयार होते. शटरची पट्टी मात्र खाचेतून सावकाश व मधूनमधूनच सरकते. तेथे तरंगण्यास पुरेसा वेग नाही. म्हणून तेथे जाड तेल व्यर्थ, आणि धूळ न धरणारा पातळ, कोरडा थरच उपयोगी.

यावरून नियम निघतो तो असा. खाचांस व पट्ट्यांच्या टोकांस सिलिकॉनचा फवारा मारावा, व अधिक झालेला लगेच फडक्याने पुसून घ्यावा. हा फवारा रबरासही बहुधा बाधत नाही. खनिज तेलाने मात्र साधे रबर फुगते व मऊ पडते. लोखंडी खाचेस पांढऱ्या मेणबत्तीचे मेण हलक्या हाताने चोळले तरी काही काळ काम भागते. पट्ट्यांमधील सांध्यांस आतील बाजूने फवाऱ्याचा एक हलका हात पुरे. माथ्यावरील बेअरिंगांपैकी जी बंद, म्हणजे दोन्ही अंगांनी झाकलेली असतात, त्यांत कारखान्यातच ग्रीस भरलेले असते. बाहेरून लावलेले आत जात नाही. जी उघडी असतात त्यांस लिथियमचे ग्रीस लागते. पण ते काम शिडीवरचे व स्प्रिंगेजवळचे असल्यामुळे कारागिराने करावे. बाजूच्या मोटरीची साखळीही त्याच वेळी त्याच्याकडून पुसून तेल देऊन घ्यावी. कुलपाच्या भोकात तेल न घालता ग्रॅफाइटची पूड घालावी.

मोटरीवर, ब्रेकवर, विजेच्या पेटीवर अथवा प्रकाशनेत्राच्या काचेवर फवाऱ्याचा थेंबही उडू देऊ नये. ब्रेक घर्षणाच्याच बळावर ओझे धरून ठेवतो. त्यास वंगण दिले तर शटर घसरेल. घर्षण नेहमी शत्रूच असते असे नाही, हे येथे चांगले कळते. फवारा मारताना दार-खिडक्या उघड्या असाव्यात व जवळपास दिवा, विडी किंवा अन्य विस्तव नसावा. वंगण दिल्यावर शटर दोन-तीन वेळा वर-खाली करून पुन्हा ऐकावे, व खाली ओघळलेले पुसून घ्यावे. नाही तर पाय घसरावयाचा. अति तेथे माती ही म्हण या कामी अक्षरशः खरी आहे.

६. जेथे हात लावू नये

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शटर पूर्ण खाली असते तेव्हा स्प्रिंग सर्वांत अधिक पिळलेली असते. त्या पिळात वर हिशेब केलेले ओझे उचलण्याची शक्ती साठवलेली असते. ती दिसत नाही, म्हणूनच अधिक घातक. स्प्रिंगेचा किंवा पाइपच्या आधाराचा एखादा बोल्ट अजाण हाताने सैल केला, तर ती शक्ती क्षणार्धात मोकळी होते. हात मोडणे ही त्यातली लहान इजा होय. म्हणून स्प्रिंग, पाइप, त्यांचे आधार व मोटर यांस विद्यार्थ्यांनी तर नाहीच, पण पालकांनीही हात लावू नये. चार पैसे वाचविण्याची ही जागा नव्हे.

चालत्या शटरजवळ पदर, ओढणी, लांब केस व सैल बाह्या सांभाळाव्यात. वर जाणाऱ्या शटरला लोंबकळण्याचा खेळ काही मुले खेळतात. पट्ट्यांच्या सांध्यांत बोट सापडले म्हणजे काय होते याची कल्पना करावी, आणि आपल्या धाकट्या भावंडांस त्या खेळापासून परावृत्त करावे. उतरत्या शटरखालून धावत जाणे हा पराक्रम नसून मूर्खपणा आहे. भिंतीवरील बटण सुमारे ५ फूट उंचीवर, जेथून शटर समोर दिसते अशा जागी असावे, आणि रिमोट मुलांच्या हाती खेळणे म्हणून देऊ नये.

अमेरिकेत विजेच्या दारांखाली सापडून लहान मुले दगावली, तेव्हा तेथे कायदा झाला. त्यान्वये १ जानेवारी १९९३ पासून तेथे घरगुती मोटारखान्याच्या दारासाठी बनणाऱ्या प्रत्येक विद्युत्‌यंत्रास, वाटेत कोणी आल्यास अपघात टाळणारी योजना सक्तीची झाली. प्रकाशनेत्र ही त्यांतील एक. दाराच्या एका बाजूकडून अदृश्य किरण दुसऱ्या बाजूस जातो. तो कोणी अडविला की उतरते दार थांबून परत वर जाते. आपल्याकडील पुष्कळ शटरांस ही योजना बसविलेली नसते. पालकांनी आपल्या शटरला ती आहे काय हे अवश्य पाहावे, व नसल्यास बसवून घ्यावी. असल्यास महिन्यातून एकदा तिची परीक्षा घ्यावी. शटर उतरत असताना बाजूस उभे राहून केरसुणीचा लांब दांडा किरणात धरावा. शटर थांबले नाही, तर दुरुस्ती होईतो ते विजेवर चालवू नये. ही परीक्षा आपल्या हातापायांनी कधीही घेऊ नये.

वीज गेल्यावर शटर हाताने चालविण्यासाठी साखळी किंवा दांडा असतो. तो वापरण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. अन्यथा वीज मध्येच आली तर मोटर एकाएकी फिरू लागण्याचा संभव असतो.

७. निगेचे वेळापत्रक

आपल्या हवामानाकडे पाहता वर्षातून दोन वेळा संपूर्ण सफाई व वंगण करावे. पहिली वेळ ७ जूनच्या सुमारास मृग लागतो त्यापूर्वीची. उन्हाळ्याची धूळ त्या वेळी निघून जाते, आणि पावसाच्या ओलीपूर्वी धातूवर संरक्षक थर बसतो. दुसरी वेळ दिवाळीपूर्वीच्या घरसफाईची. पावसाळ्यात कोठे गंज धरला, खाचेच्या तळाशी चिखल साचला काय, हे तेव्हा दिसून येते. मुंबई, रत्नागिरी, मालवण, गोवे अशा समुद्रकाठच्या गावी वाऱ्याबरोबर मिठाचे कण येतात. मिठाचे पाणी विजेचे चांगले वाहक असल्यामुळे गंजण्याची क्रिया तेथे जलद होते. म्हणून तेथील लोकांनी दर महिन्यास शटर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे. वर्षातून एकदा कारागिरास बोलावून माथ्यावरील बोल्ट, बेअरिंगे, स्प्रिंग, साखळी व लिमिट स्विच तपासून घ्यावेत. प्रत्येक वेळी काय केले ते तारखेसह एका वहीत लिहून ठेवावे. ही वही ठेवण्याचे काम घरातील शाळकरी मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावे, अशी आमची पालकांस सूचना आहे. आवाज कधी सुरू झाला याची नोंद असली म्हणजे कारागिराचे निम्मे काम झालेच असे समजावे.

कित्येकांस वाटेल की, शाळेच्या मासिकात शटर व ग्रीस यांचे काय काम? परंतु प्रयोगशाळेत शिकलेले नियम प्रयोगशाळेतच राहिले तर ते शिकून लाभ कोणता? आमोंताँचा नियम, ज्यूलचा नियम, मोसचे माप व टॉवरचा प्रयोग ही सारी आपल्या दारात रोज सकाळी कुरकुरत असतात. जो विद्यार्थी ती कुरकुर ऐकून तिचे कारण सांगू शकेल, त्याने ते प्रकरण खरे शिकले असे आम्ही म्हणू. आणि त्यायोगे शेजारच्या आजाऱ्यास पहाटेची झोप मिळाली, किंवा एखाद्या लहानग्याचे बोट वाचले, तर त्या विद्येचे चीज झाले.

अभ्यासासाठी प्रश्न

१. वरच्याच मापाच्या शटरचा पत्रा १.२ मिलिमीटर जाडीचा असेल, तर सपाट पत्र्याचे वजन किती भरेल?

२. मोटरीतील प्रवाह दुप्पट झाल्यास तारेतील उष्णता किती पट होईल?

३. सारंगीच्या गजास राळ लावतात, पण शटरच्या खाचेस लावीत नाहीत. दोहोंचे कारण एकाच नियमावरून सांगा.

४. ब्रेकला वंगण का देऊ नये? जेथे घर्षण आपणास हवे असते अशी आणखी तीन उदाहरणे द्या.

५. आपल्या घराजवळील एखादे शटर दुरून ऐका, त्याचा आवाज वरील पाचांपैकी कोणता ते ओळखा, आणि तेथे तेल लागेल, पाना लागेल की कारागीर, ते कारणासह लिहा.